हरणाची दया कोणाला येते?

आमच्या एनडीए कोर्समेट्सच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फोटो फिरला. अमेरिकेतली फेअरफॅक्स काउंटी, वॉशिंग्टनला लागून असलेलं उपनगर. झाडाला बांधलेल्या मचाणावर धनुष्य घेऊन बसलेला माणूस. खाली लगेच 'रानटीपणा', 'विकृती' असे शेरे सुरू. शेरे मारणारे निम्मे जण रविवारी मटणाच्या रांगेत असतात, ते सोडून देऊ.

मला तो माणूस रानटी वाटत नाही. तिकडचा लांडगा आणि कूगर माणसानेच संपवला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जेमतेम ५ लाखांवर आलेली पांढऱ्या शेपटीची हरणं आज ३ कोटींच्या घरात आहेत. बंगल्यांच्या बागा म्हणजे त्यांना बारमाही कुरण. जंगलातली कोवळी रोपं ती फस्त करतात, त्यामुळे जुनं झाड पडलं की त्या जागी नवं उभं राहत नाही. गाड्यांशी होणाऱ्या धडका वर्षाला १० लाखांच्या वर जातात. त्यांत माणसंही मरतात.

मग रायफल का नाही? फौजी माणसाला हे सांगायला नको. चुकलेली गोळी दोन किलोमीटरवरही कोणाचा तरी जीव घेऊ शकते. बाण मचाणावरून खाली, वीस-पंचवीस मीटरवर सुटतो. चुकला तर मातीत रुततो. जमीनच बट. शिवाय नेमबाजीची चाचणी आणि पार्श्वभूमीची तपासणी झाल्याशिवाय तिथे कोणाला मचाणावर चढू देत नाहीत.

बाण रक्तस्रावाने मारतो. भलत्या जागी लागला तर जनावर तासन्‌तास तडफडतं. हा आक्षेप खरा आहे, आणि वाईट धनुर्धाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण रस्त्याच्या कडेला कंबर मोडून पडलेलं हरीण काय सुखाने मरतं? गर्भनिरोधक लशीचं म्हणाल, तर ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते. मोकळ्या कळपातली प्रत्येक मादी दरवेळी गाठणार कोण?

आता आपल्याकडे या. पोर्ट ब्लेअरच्या पोस्टिंगमध्ये रॉस बेटावर (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) पर्यटक चितळांना बिस्किटं भरवताना मी पाहिले आहेत. हे चितळ अंदमानचे नव्हेतच. ब्रिटिशांनी आणून सोडले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, आणि चितळ पट्टीचे पोहणारे. बेटामागून बेट त्यांनी काबीज केलं. नव्या रोपांची तिथेही तीच गत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना कवच देतो. मुख्य भूमीवर ते योग्यच आहे, पण अंदमानात ते कवच परक्या जनावराला मिळतं आणि मूळ जंगल उघडं पडतं.

उद्या तिथे धनुष्य घेऊन हौशी लोक सोडा, असं मी म्हणत नाही. वनखात्याने बेटवार मोजणी करून आकडे जाहीर करावेत, कोणत्या बेटावरचे चितळ हटवायचे ते लेखी ठरवावं आणि काम आपल्या प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावं. बोटीवर बिस्किटांचे पुडे न्यायला बंदी घालण्यासाठी तर मोजणीचीही वाट पाहायला नको.