पाहुणा गेला, किल्ली राहिली
बाहेरच्या लेखापरीक्षकास वा अभ्यागत व्याख्यात्यास संस्थेच्या संगणक-व्यवस्थेत ‘गेस्ट’ म्हणून प्रवेश देणे आता नित्याचे झाले आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘एन्ट्रा आयडी’त तर मूळ मांडणी न बदलल्यास कोणताही कर्मचारी, इतकेच नव्हे तर खुद्द पाहुणाही, नवा पाहुणा बोलावू शकतो. सोय बोलावणाऱ्याची, जोखीम साऱ्या संस्थेची! काम संपते, प्रवेश उरतो.

ठरावीक मुदतीने फेरतपासणी करण्याची सोय तेथे आहे. परंतु तपासनिसाने उत्तरच दिले नाही तर काय, हा खरा प्रश्न होय. अशा वेळी ‘जैसे थे’ हा पर्याय (आपल्या कचेऱ्यांना तो प्रियच असणार) निवडणे म्हणजे तपासणीचा निव्वळ देखावा. मौन म्हणजे नकार, असेच ठरवावयास हवे. त्यात एखाद्यावर अन्याय होईल, ही भीती अनाठायी आहे. प्रथम ३० दिवस प्रवेश रोखून मगच नाव काढण्याची तरतूद त्या व्यवस्थेत आहे.