माझ्या घरचं घरी

"काही प्रॉब्लेम असेल तर मोकळेपणाने बोला, माझं दार कायम उघडं आहे." नवीन माणूस रुजू झाला की एच.आर. वाले हे वाक्य हमखास ऐकवतात. मला विचाराल तर दार उघडं आहे म्हणूनच तिथे बोलू नये. आत बोललेलं बाहेर ऐकू येतं.

गंमत म्हणजे या खात्याचा पूर्वज खरोखर कामगारांच्या अडचणींपायीच जन्मला. गिरण्यांत भरती, रजा सगळं जॉबरच्या हातात, आणि तो चिरीमिरीशिवाय हलायचा नाही. म्हणून 1931 साली रॉयल कमिशनने लेबर ऑफिसर नेमायची शिफारस केली. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 49 ने 500 किंवा जास्त कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी संहिता लागू झाली, तिच्यात हा आकडा 250 आहे. पण हे सगळं कारखाने, खाणी आणि चहा-कॉफीच्या मळ्यांपुरतं. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत असा माणूस ठेवायची सक्ती नाही. तिथे आहे ते एच.आर.

तो जुना वेल्फेअर ऑफिसर काही संत नव्हता, पगार मालकाचाच खायचा. पण पोरगं आजारी आहे म्हटलं की त्याला करायला काहीतरी असायचं: दवाखान्याची चिठ्ठी, पतपेढीचं कर्ज, पाळी बदलून देणं. आताचे एच.आर. वाले काय देतात? सहानुभूती. शुक्रवारी योगा. आणि 'आपण एक फॅमिली आहोत' असा मेल. (फॅमिलीतल्या माणसाला नव्वद दिवसांची नोटीस देऊन घालवता येत नाही, पण असो.)

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा घटस्फोट चालू होता. कोर्टाच्या तारखांसाठी रजा लागायची म्हणून त्याने एच.आर. मॅडमना विश्वासाने सांगितलं. मॅडम भल्या होत्या, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. सहा महिन्यांनी अप्रेझलमध्ये साहेब म्हणाले, "सध्या घरचं टेन्शन आहे ना तुला, नवीन प्रोजेक्ट पुढच्या वर्षी बघू." साहेबांना त्याने काही सांगितलेलं नव्हतं. मॅडमना मी दोष देत नाही. त्यांचं कामच ते आहे, माणसांची माहिती वर पोचवणं.

आणि हाच माझा मुद्दा आहे. मानसोपचारतज्ज्ञाला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता पाळायचं बंधन घातलंय. लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल बाहेर बोलायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. कॅन्टीनमध्ये चहा पिताना सांगितलेल्या घटस्फोटाला असं कुलूप कोण लावणार? ज्याच्या हातात माझी फाईल आहे त्यालाच मी माझं मन उघडं करून दाखवायचं, हा व्यवहार एकतर्फी आहे.

यावर लोक म्हणतात, गावाहून आलेली एकटी पोरं कुणाशी बोलणार? प्रश्न खरा आहे. खोलीवर एकटं राहून, रात्री बारापर्यंत कॉल घेऊन पोरं खचतात, हे मीही पाहिलंय. मग बाहेरचा समुपदेशक नेमा, बिल कंपनीने भरावं आणि कोण आलं होतं ते विचारू नये. नावांची यादी मागितलीत की संपलं सगळं.

एच.आर.ने स्वतः काय करावं? कंटाळवाणी कामं. आई आयसीयूत असताना मेडिक्लेमचा कॅशलेस अडला तर टीपीएला स्वतः फोन लावावा. पीएफमधून आजारपणासाठी पैसे काढता येतात हे सांगावं आणि केवायसी अडलं असेल तर सोडवावं. हाउसकीपिंगवाल्या मावशींना ईएसआयमधून आजारपणात वर्षाला 91 दिवस पगाराच्या 70 टक्के मिळू शकतात, हे त्यांना कुणीच सांगत नाही. कंत्राटदार तर नाहीच नाही. यात कुणाच्या संसारात डोकवावं लागत नाही.

आणि तो रजेच्या अर्जावरचा 'कारण' नावाचा रकाना. पूर्वी 'घरगुती' एवढं लिहिलं की भागायचं. आमच्या नव्या सिस्टिममध्ये पन्नास अक्षरं टाकल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. परवा मी 'घरगुती' हा शब्द दहा वेळा लिहून पाठवला. लगेच मंजूर झाला.