पावसाळा आणि खिशांतील यंत्र

ज्येष्ठाचे ढग दिसूं लागले कीं आपल्या उपनगरांत घरोघरीं छत्र्यांच्या काड्या तपासल्या जातात, दप्तरांवर प्लॅस्टिक चढतें आणि गतवर्षींचे रेनकोट पोटमाळ्यावरून खालीं उतरतात. परंतु या सर्वांच्या एकत्रित किमतीहून जिची किंमत अधिक, ती मोबाइल फोन नामक वस्तु उघड्या खिशांतच राहते. याविषयीं विद्यार्थी मित्रांशीं, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या पालकांशीं, दोन शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें.

फोन ही चैनीची वस्तु होती तोंवर ती भिजल्यास हळहळ करून स्वस्थ बसतां येत असे. आतां तसें राहिलें नाहीं. सन २०२० मध्यें शाळांचे दरवाजे बंद झाले तेव्हां कित्येक घरीं दोघां-तिघां भावंडांची शाळा एकाच फोनांत भरत होती. आणि पाऊस तर आपल्या वांट्यास विपुल. दि. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच अवधींत कुलाब्यास अवघा ७३. अंधेरीचा सबवे तुंबण्यास तर तितक्या पावसाची गरजही लागत नाहीं.

पाणी यंत्राचा नाश कसा करतें हें ध्यानीं घेतलें म्हणजे उपाय सुचतो. शुद्ध पाण्यांतून वीज फारशी वाहत नाहीं. पण नळाच्या अथवा रस्त्यावरील पाण्यांत क्षार असतात व त्यांमुळें ती वाहूं लागते. यंत्र चालू असेल तर ती भलत्याच वाटेनें जाते, आणि आंतील तांब्याचे सूक्ष्म मार्ग गंजूं लागतात. पाणी उडून गेलें तरी क्षार मागें राहतात. म्हणूनच आज चालणारा फोन पंधरवड्यानें अकस्मात् बंद पडतो. वर्सोवा, आक्सा व गोराई येथील समुद्राचें पाणी या बाबतींत सर्वांत वाईट. यास्तव भिजलेला फोन प्रथम बंद करावा. ‘चालतो कीं नाहीं’ हें पाहण्याचा मोह आवरावा आणि चार्जर तर मुळींच लावूं नये. कव्हर व सिमचा कप्पा काढून फोन कोरड्या फडक्यानें पुसावा आणि चार्जरचें तोंड खालीं करून पंख्याच्या वाऱ्यांत निदान एक दिवस ठेवावा. पाणी खोल गेलें असल्यास दुरुस्तीचें दुकान लवकर गांठावें. तेथें आंतील भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनें धुऊन क्षार काढतात.

तांदळाच्या डब्यांत फोन पुरण्याची चाल सर्वत्र आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. खेळत्या हवेनें जें होतें त्याहून अधिक तांदळानें होत नाहीं; उलट त्याचे बारीक कण यंत्राच्या छिद्रांत शिरतात. ॲपल कंपनीनेंही २०२४ सालीं आपल्या ग्राहकांस हा उपाय करूं नका असें बजावलें. फोन तर जातोच, वर शेरभर तांदूळही जातो!

‘जलरोधक’ या शब्दावरही फार विसंबूं नये. आयपी ६७ या खुणेंतील सातचा अर्थ इतकाच कीं नवा फोन १ मीटर खोल गोड्या पाण्यांत ३० मिनिटें टिकला. आंतील रबराच्या कडा कालांतरानें झिजतात, आणि पडदा एकदां बदलला कीं त्या पूर्ववत् बसतीलच असें नाहीं.

आतां पालकांस स्पष्टच सांगतों. घरीं बोलणीं बसतील या भयानें मूल भिजलेला फोन तसाच पुसून ठेवतें व रात्रीं गुपचूप चार्जरला लावतें. लिथियमच्या बॅटरींत पाणी शिरल्यास ती तापूं, फुगूं, क्वचित् पेटूंही शकते. आणि तो फोन बहुधा उशीखालीं असतो. फोन भिजल्याचें जें मूल आपण होऊन सांगतें, त्यावर त्या दिवशीं तरी रागावूं नये, असा आमचा आग्रह आहे. पैशाचा हिशेब उद्यां करावा. तुंबलेल्या रस्त्यांत पडलेला फोन चांचपडत शोधण्यास तर कोणीही मुलास लावूं नये. अशाच पाण्याखालील उघड्या मॅनहोलमध्यें पडून २०१७ च्या ऑगस्टांत एका नामांकित डॉक्टरांचा अंत झाला.

संरक्षणाचें साधन स्वस्त आहे. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, उलटी वाळवून, तोंडास रबर लावलें तरी काम भागतें; झिपची पिशवी मिळाल्यास उत्तमच. मात्र फोन कोरडा असतांनाच आंत घालावा, आणि लोकलच्या दाराशीं उभें राहून बाहेर काढूं नये. त्याच पिशवींत घरच्या दोन क्रमांकांची चिठ्ठी असावी, कारण बंद फोनांतील क्रमांक कोणास वाचतां येत नाहींत. ती पेन्सिलीनें लिहावी. शाईचीं अक्षरें पाण्यानें पसरतात, पेन्सिलीचीं पसरत नाहींत.