चांगभलं... एकदम कूल!

गाडीतच बिछाना, गाडीतच चहा आणि खिडकीबाहेर डोंगर! हे फॅड सध्या जोरात आहे, नाही का? महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं खास धोरणही जाहीर केलं. फोटो तर असे असतात की सोमवारी ऑफिसात मन लागू नये. पण त्या फोटोंमध्ये एक गोष्ट कधीच दिसत नाही बॉस, ती म्हणजे एप्रिलमधली दुपार! उन्हात बंद करून ठेवलेली गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापू शकते. बाहेर ३८ असेल तर आतला हिशेब तुम्हीच करा. कॅम्पर कसला, तंदूर म्हणा!

आमच्या घरी असा एक तंदूर आहे. १९८९ची मॅटाडोर. ज्यांनी ती फक्त जुन्या सिनेमात पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगते : ही बजाज टेम्पोची व्हॅन, पुण्यात आकुर्डीला बनायची. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण तोवर 'मॅटाडोर' हा शब्द कुठल्याही व्हॅनला चिकटून बसला होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यात दोन बाकडी, एक फळी आणि स्टोव्ह बसवून कधीच तिचा कॅम्पर केलाय. घरात आम्ही तिला व्हिंटेज म्हणतो. कायद्यानं व्हिंटेज व्हायला मात्र पन्नास वर्षं लागतात, म्हणजे बाईंना २०३९ पर्यंत थांबावं लागणार!

तिला एसी बसवायचं खूळ कशासाठी? तर जोतिबासाठी. चैत्र पौर्णिमेची यात्रा अण्णांनी समजतं तसं चुकवलेली नाही. तरुणपणी सासनकाठी नाचवली, आता नुसतं बघायला जातात. पण पहाटे डोंगरावर पोचायचं आणि संध्याकाळी यमाईकडे निघालेली पालखी डोळे भरून बघूनच उतरायचं, हा नेम आहे. वय ७४. गेल्या वर्षी उन्हात चक्कर आली आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दुपारी बारा ते चार सावलीत, गारव्यात. यात्रेच्या गर्दीत मधेच गाडी काढून कोल्हापूर गाठणं शक्य नसतं. म्हणजे पर्याय दोनच. यात्रा बंद, नाही तर गारवा डोंगरावर न्यायचा. पहिला पर्याय घरात उच्चारायची कुणाची टाप नाही!

मग सुरू झाली उद्यमनगरची वारी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाचं काय वाट्टेल ते होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पहिल्या गॅरेजमधला पोरगा म्हणाला, ''ताई, दीड टन टाकूया की! नाद खुळा गार हुतंय बघा.'' शेजारी पत्र्याचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री मात्र गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, ''चाळणीत पाणी भरायलाय व्हय? आधी ऊन भाईर ठेवा. गारव्याचं मग बघू.''

सगळा फंडा या दोन वाक्यांत आहे.

बघा हं. भर दुपारी सूर्य दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट ऊन ओततो. मॅटाडोरचं छप्पर धरा सहा चौरस मीटर, म्हणजे सहा किलोवॅट. सगळं आत येत नाही, बरंचसं वाऱ्यावर जातं, हे मान्य. पण एक टनाचा एसी तासभर धापा टाकून खेचून काढतो ती उष्णता फक्त साडेतीन किलोवॅटची! पातळ पत्र्याच्या गाडीत मोठा एसी लावणं म्हणजे महिनाभर ओव्हरटाइम करून सगळा पगार ईएमआयमध्ये घालवणं. जोतिबाचं देऊळच बघा ना. काळ्या दगडाच्या त्या जाड भिंती तापायलाच दिवस निघून जातो. आपल्याकडे आहे एक मिलिमीटरचा पत्रा.

म्हणून पहिलं काम, रंग. आमची मॅटाडोर मरून होती, छप्पर आता पांढरंशुभ्र आहे. गडद रंग जवळपास सगळं ऊन पिऊन टाकतो, स्वच्छ पांढरा बहुतेक ऊन परत पाठवतो. गच्चीला चुना मारणाऱ्या आपल्या आज्यांना हे पीएचडीशिवाय माहीत होतं.

दुसरं, छपराला सावली. दोनशे वॅटची दोन सोलर पॅनेल छपरावर तीनेक इंचांची फट सोडून बसवली. वीज तर मिळतेच, शिवाय फटीतून वारा खेळतो आणि खालचा पत्रा सावलीत राहतो. कौलारू घरातला माळा हेच काम करायचा.

तिसरं, आतलं अस्तर. छताच्या आणि बाजूच्या पट्ट्यांमध्ये एक इंच जाडीचा फोम चिकटवला, वरून पातळ प्लाय. फोम बंद छिद्रांचा हवा, म्हणजे घामासारखं साचणारं पाणी तो पीत नाही आणि पत्रा गंजत नाही. थर्माकोल स्वस्त, पण धक्क्यांनी कुरकुरतो आणि पेटायला एक ठिणगी पुरते. तो नको.

चौथं, काचा आणि इंजिन. काचांना चंदेरी पडदे आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावा, ऊन काचेच्या आत शिरलं की अर्धी लढाई हरलात. आणि मॅटाडोरचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, झाकणाखाली. घाट चढून आल्यावर ते तासभर शेगडीसारखं धगधगतं. त्यामुळे ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा टाकला. धग पुढे राहिली आणि गार करायची जागाही कमी झाली.

या सगळ्याला एकूण खर्चातला जेमतेम दहावा हिस्सा लागला. आणि त्यानंतर दीड टनाची गरजच उरली नाही! बाहेर ३८ असताना, एसी नसताना, पूर्वी आत पन्नासच्या वर जाणारा काटा चाळिशीतच रेंगाळायला लागला.

आता एसी. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा नको, कारण तो इंजिन चालू असेल तरच गार करतो आणि घाटात म्हाताऱ्या इंजिनाचा दम काढतो. चाकांवर ढकलायचा, एका पाइपचा पोर्टेबलही नको. तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा फटींमधून आत ओढतो. आम्ही घेतला बॅटरीवर चालणारा छोटा, छपरावरचा, ट्रक थांबलेला असताना ड्रायव्हरला झोपता यावं म्हणून मिळतो तसा. (१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. ट्रकवाल्याला जे कळलं ते आपल्याला का कळू नये?) छप्पर कापणं हा कायमचा बदल, त्यामुळे आधी आरटीओत विचारा आणि आरसीवर नोंद करून घ्या.

विजेचं गणित सोपं आहे. २४ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट. झाकलेल्या गाडीत हा एसी तासाला सरासरी अर्धा युनिट खातो. चार तासांचे दोन युनिट, आणि त्याच वेळी छपरावरून भर पडत असतेच. १२ ऐवजी २४ व्होल्ट का? करंट निम्मा, म्हणून तारा कमी तापतात. बॅटरीपाशी फ्यूज मात्र हवाच हवा.

आणि आता जरा सीरियस. 'बॅटरी कशाला, छोटा जनरेटर टाका की,' हा सल्ला तुम्हालाही मिळेल. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला ना रंग, ना वास. माणसाला गुंगी येते, एवढंच. जनरेटर असो वा गाडीचं इंजिन, ते चालू ठेवून बंद गाडीत झोपायचं नाही. नाही म्हणजे नाही! कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एका झकास डिनरच्या बिलात येतो. आमच्या बाकड्यावर स्टोव्हही आहे, म्हणून तो आम्ही आधी लावला, एसी नंतर.

जोतिबाची एक खास अडचण राहिली, गुलाल. यात्रेत सगळा डोंगर गुलाबी होतो, आणि ती बारीक भुकटी एसीच्या बाहेरच्या जाळीत बसली की हवा कोंडते आणि मशीन धापा टाकतं. त्यामुळे गाडी देवळापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला. उधळण जवळ आली की एसी बंद करून वर कापड. घरी आल्यावर जाळी आतून बाहेर, हलक्या धारेनं धुवायची. प्रेशर पंप मारलात तर पात्या वाकतील.

यंदा दुपारी दोन वाजता बाहेर ३६ होतं, आत २७. मी आणखी खाली न्यायला निघाले तर अण्णा म्हणाले, ''मी काय फ्रीजमधला टोमॅटो हाय काय?'' बरोबरच होतं त्यांचं. परत उन्हात जायचं असतं तेव्हा २६-२७ आणि छोटा पंखा पुरे. चार वाजता उठले, टोपी घातली, आणि पालखीला स्वतःच्या पायांनी चालत गेले.

रात्री एसीला हातही लावला नाही. डोंगर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर, कोल्हापूरपेक्षा दोन-तीन अंश तरी गार. दोन्ही खिडक्या उघडल्या आणि वारा आत आला. मशीनला फक्त दुपारचे चार तास सांभाळायचे होते, बाकीचे वीस जोतिबा बघून घेतो!