आधी पाय बघा

जूनमधली पहिली मोठी सर ओसरली आणि शेजारचा नातू बादली घेऊन धावत आला. "काकू, कासवाचं पिल्लू! समुद्रात सोडून येऊ?" मळ्याच्या बांधावर सापडलेलं, जेमतेम आगपेटीएवढं.

पोराचा हेतू सोन्यासारखा होता. आमच्या दापोलीकडची मुलं वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची पिल्लं लाटांकडे सरपटत जाताना बघतच मोठी झाली आहेत. वेळासला 2002 सालापासून 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन या कासवांची घरटी राखली, हे फार मोठं काम. पण त्यातूनच पिल्लू दिसलं की समुद्र, असं मुलांच्या मनात पक्कं बसलंय.

"आधी त्याचे पाय बघ," मी म्हटलं.

समुद्री कासवाचे पाय वल्ह्यासारखे असतात, बोटं सुटी दिसत नाहीत. याच्या बोटांमध्ये पडदे होते, प्रत्येक पायाला तीन नख्या. पाठ चामड्यासारखी, खवले नाहीत. हलकेच उलटं धरलं तेव्हा त्यानं मागचे पाय आत ओढले आणि पोटाखालच्या कातडी झडपा त्यांच्यावर मिटल्या. झडपा दिसल्यावर शंका उरली नाही. हे पाणकासव, तळ्या-वहाळातलं, गोड्या पाण्यातलं. त्याला लाटांत सोडणं म्हणजे मारणंच.

कठीण पाठीवर तीन उभे कणे असते तर ते काळं कासव ठरलं असतं. मऊ पाठीवर डोळ्यांसारखे चार गोल ठिपके असते, तर मी तिथेच हरखून बसले असते. ते लीथचं कासव. 1872 मध्ये पुण्याकडच्या नमुन्यावरून त्याचं नामकरण झालं आणि आज ते नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. आणि हत्तीसारखे खांबी पाय असलेलं चांदणी कासव तर जमिनीवरचं. पुण्य म्हणून विहिरीत सोडलं, तर बुडून मरतं.

"मग घरी पाळू?" नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. आईही शोधायला नको. कासवाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून स्वतःच्या जिवावरच जगतं.

आम्ही परत त्याच बांधावर गेलो. पोरानं शेजारच्या वहाळाच्या काठाला बादली कलती केली. पिल्लू क्षणभर थांबलं, मग चिखलात शिरून दिसेनासं झालं.

तुम्हाला असं पिल्लू सापडलं आणि ओळख पटली नाही, तर कुठल्याही पाण्यात सोडू नका. फोटो काढा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.