पासबुकाच्या प्रिंटरला विसरू नका

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज छपाई विभागास,



सांगली जिल्ह्यातल्या काही पतसंस्थांचे आणि अडत दुकानांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. प्रिंटर कंपन्यांच्या स्वतःच्या ड्रायव्हरांना टप्प्याटप्प्याने रजा देण्याचं धोरण तुम्ही सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलंत. धोरण योग्य आहे, तरीही हे पत्र तक्रारीचं आहे. आमच्या खिडक्यांवर जे प्रिंटर रोज खडखडतात, त्यांचा त्यात विचार झालेला दिसत नाही.

आधी योग्य का, ते सांगतो. आमच्याकडे मुख्य कचेरीत एक टर्मिनल सर्व्हर असतो आणि शाखांमधले सगळे कर्मचारी आपापल्या साध्या संगणकावरून त्याच्यावर लॉगिन करतात. प्रत्येकाचा पडदा वेगळा, पण छपाईची कामं रांगेत लावणारा स्पूलर सगळ्यांत मिळून एकच. अख्खं गाव एकाच डीपीवर असावं, तसा प्रकार. एका शाखेतल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला की स्पूलर कोसळतो आणि छपाई सगळ्याच शाखांची थांबते.

फोन येतो तो असा : "दादा, प्रिंट येईना झालीय. कुणाचीच येईना." मग ठरलेला क्रम. स्पूलरची सर्व्हिस थांबवायची, स्पूलच्या प्रिंटर्स फोल्डरमध्ये अडकलेल्या एसपीएल आणि एसएचडी फाइली उडवायच्या, सर्व्हिस पुन्हा चालू करायची. छपाई सुरू होते आणि थोड्या वेळाने पुन्हा बसते, कारण दोषी ड्रायव्हर जागच्या जागी असतो. त्याला हुडकायचं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन लॉग उघडून १००० क्रमांकाची नोंद गाठायची. कोसळलेला प्रोग्रॅम म्हणून तिथं बिचाऱ्या स्पूलरचंच नाव असतं. खरा गुन्हेगार त्याच्या खाली, 'फॉल्टिंग मॉड्यूल'च्या पुढे : कुठल्या तरी डीएलएलचं अर्थ न लागणारं नाव. ते कुठल्या प्रिंटरचं हे ताडायचं आणि तो ड्रायव्हर प्रिंट मॅनेजमेंटमध्ये 'आयसोलेटेड' करायचा. मग तो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो आणि पडला तर एकटाच पडतो. तोवर खिडकीवर पासबुकं घेऊन माणसं ताटकळत असतात आणि कॅशियर पेनाने नोंदी करून शिक्के मारत असतो.

तुम्ही हातावर हात ठेवून बसलात, असं मी म्हणणार नाही. एनटी ४.० मध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये चालायचा. तो चुकला की अख्खा सर्व्हर निळा. विंडोज २००० पासून तुम्ही त्याला कर्नलबाहेर चालू द्यायला सुरुवात केलीत. सर्व्हर २००८ मध्ये ईझी प्रिंट आलं आणि शाखेतल्या प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर सर्व्हरवर चढवण्याची सक्ती गेली. पाठोपाठ २००८ आर२ मध्ये ड्रायव्हर वेगळा काढण्याची सोय आली. सुरक्षेचा प्रश्न मात्र उरलाच. २०१० मध्ये उजेडात आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमने याच स्पूलरमधली फट वापरली, २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर या त्रुटीने हल्लेखोरांना पुन्हा स्पूलरचीच वाट दाखवली. तुमच्या सुरक्षा विभागाकडे आलेल्या विंडोजच्या प्रकरणांपैकी ९ टक्के छपाईशी निगडित होती, हे तुम्हीच लिहिलंय. तेव्हा परक्याने लिहिलेला ड्रायव्हर सर्व्हरवर नकोच, आयपीपी या एका प्रमाण भाषेत सर्व प्रिंटरांशी बोलावं, हा विचार पटण्यासारखाच आहे.

आता तक्रार. आयपीपी बोलायला प्रिंटरला ती भाषा यावी लागते. कार्यालयातले नवे लेझर आणि इंकजेट ती बोलतात. आमच्याकडे चालतात ते डॉट मॅट्रिक्स. अडत्याला पट्टी तीन प्रतींत लागते : एक शेतकऱ्याला, एक खरेदीदाराला, एक दप्तराला. कार्बनवर ठोकून तीन प्रती एका दमात काढणं लेझरच्या बापाला जमणार नाही. पासबुकाचा प्रिंटर तर जातच वेगळी : जाड शिवलेलं पुस्तक गिळून नेमक्या ओळीवर छापायचं आणि परत द्यायचं. असे प्रिंटर वर्षानुवर्षं चालतात, रिबन बदलली की पुरतं. चालती वस्तू भंगारात घाला, असं मी संस्थेच्या चेअरमनना कोणत्या तोंडाने सांगू?

यावर 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर आहे ना, असं तुम्ही म्हणाल. इंग्रजीपुरता तो सोन्यासारखा आहे. पण प्रिंटरच्या पोटात देवनागरी फॉन्ट नसेल तर खातेदाराच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ उमटते. ईझी प्रिंटमधून नाव नीट येतं, पण अक्षरांचं चित्र होऊन येतं. सुई-सुईने ते चित्र काढताना प्रिंटर रांगतो. अर्ध्या पानाचा खास कागद निवडला असेल तर मोजमापही अधूनमधून चुकतं. म्हणून आम्हाला कंपनीच्या ड्रायव्हरकडेच यावं लागतं. तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे १ जुलै २०२७ नंतर सुरक्षेची दुरुस्ती सोडून त्या ड्रायव्हरांची नवी आवृत्ती विंडोज अपडेटमधून येणार नाही. जुने ड्रायव्हर कंपनीच्या इन्स्टॉलरने चढवता येतील, हे मान्य. पण संरक्षित छपाईची जी पद्धत तुम्ही विंडोज ११ मध्ये आणलीत, ती चालू केली की हे ड्रायव्हर हद्दपार होतात. आणि पुढेमागे तीच मूळ सेटिंग करण्याचा तुमचा मानस आहे.

म्हणून तीन मागण्या.

पहिली : टर्मिनल सर्व्हरची भूमिका चढवली की कंपन्यांचे सगळे ड्रायव्हर आपोआप वेगळ्या प्रोसेसमध्ये जावेत. आज ते ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलीत कंपनीने काय लिहिलं, यावर अवलंबून राहतं आणि बाकीचं हाताने करावं लागतं.

दुसरी : स्पूलर कोसळला तर कोणत्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमुळे, हे साध्या शब्दांत सांगा. डीएलएलच्या नावावरून प्रिंटर शोधणं हे आमचं काम असू नये.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : डॉट मॅट्रिक्स आणि पासबुक प्रिंटरांसाठी एक लहानसा ड्रायव्हर तुम्ही स्वतः लिहा आणि स्वतः सांभाळा. त्यात देवनागरी नीट उमटावी, कागदाचं माप आम्हाला ठरवता यावं आणि इंग्रजी मजकूर टेक्स्ट म्हणूनच जावा. हे होईपर्यंत संरक्षित छपाई मूळ सेटिंग करू नका.

तुमचं मोठं विकासकेंद्र हैदराबादेत आहे. तिथल्या छपाई जाणणाऱ्या एखाद्या अभियंत्याला आमच्याकडे पाठवा. पगारवाटपाच्या दिवशी तासभर पतसंस्थेच्या खिडकीमागे बसला तरी या तीन मागण्यांचं समर्थन मला वेगळं करावं लागणार नाही. राहण्या-जेवणाची सोय आम्ही करू.

कळावे,

आपला,
पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळणारा एक तंत्रज्ञ
सांगली