शो रद्द झाला म्हणून शिव्या घालण्याआधी

फू फायटर्सचा विषय निघाला की गोथेनबर्गचा किस्सा येतोच. १२ जून २०१५. डेव्ह ग्रोल स्टेजवरून पडला, पाय मोडला. पठ्ठ्या पाय बांधून परत आला आणि खुर्चीत बसून शो पुरा केला. पुढचे शो तर गिटारींनी सजवलेल्या सिंहासनावर बसून! मीही हे कौतुकाने कित्येकांना ऐकवलंय.

आता तेवढ्या उत्साहाने सांगवत नाही.

२५ मार्च २०२२. बोगोटात त्या रात्री शो होता. त्याआधीच ड्रमर टेलर हॉकिन्स हॉटेलात मरण पावला. वय ५०. त्याच्या मृत्यूचा दौऱ्याशी संबंध मी जोडत नाही. पण बँडने उरलेला दौरा रद्द केला. सप्टेंबरमध्ये वेम्बलीवर मोठा कार्यक्रम केला तो हॉकिन्सच्या आठवणीसाठी. एका गाण्याला ड्रमवर त्याचा १६ वर्षांचा मुलगा होता.

माझ्या मते या बँडचं मोठेपण त्या थांबण्यात आहे. मोडक्या पायाला टाळ्या वाजवून आपण कलाकाराला काय सांगतो? थांबलास तर तू कमी पडलास. अरे, आपण तिकीट काढतो, माणूस विकत घेत नाही. पुढचा शो रद्द झाला की एवढं आठवा.